उसवलेला हिरवा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. जाड हिरव्या सुती कापडाचा, गुडघ्यापर्यंत येणारा, कामावर घालायचा. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसला आहात, म्हणून आधीच सांगतो की मी भित्रा आहे. कपड्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण आम्हाला भ्यायला पुष्कळ गोष्टी असतात. ओल असते, कापड खाणारी कसर असते, तापलेली इस्त्री असते. आणि कात्री तर असतेच.

मला एका शिंप्याने शिवलं. ज्या बाईंसाठी शिवलं, त्या पुस्तकं बांधण्याचं काम करत. माप देताना त्या म्हणाल्या, "खिसे खोल ठेवा."

"किती खोल?"

"कोपरापर्यंत हात गेला पाहिजे."

"काय पळवायचा विचार आहे?"

"तुमची जीभ," बाई म्हणाल्या. शिंपी हसला आणि त्याने खिसे खोल ठेवले.

त्या खिशांत दोरा असे, मेणाचा तुकडा असे, चष्मा असे. माझ्या बाह्यांवर खळ वाळून कडक होई. बाई मला रोज घालत आणि मला बरं वाटे. कुणाच्या तरी अंगावर असलं की कपड्याला फारसं भय वाटत नाही.

जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं की बाई त्याला कात्री लावत नसत. आधी जुना दोरा शोधत, एकेक टाका उसवत, पानांचे गठ्ठे सुटे करत आणि मग नव्या दोऱ्याने शिवत. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. ते कधी त्यांना न्यायला येत आणि दारात ताटकळत उभे राहत. एकदा कंटाळून म्हणाले, "अगं, कापून टाक ना तो दोरा. किती वेळ?"

"अहो, तुमची लिफ्ट मध्येच अडकली की तुम्ही दोर कापता का?"

यजमान चपला काढून आत येऊन बसले. बाईंच्या कामाची तारीफ सगळे करत. माझी कुणी केली नाही, पण मी ती आपलीच समजून घेत असे.

मग बाई आजारी पडल्या. एक दिवस कामावरून आल्या, मला स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलं आणि जाऊन पडल्या. त्यानंतर त्यांनी मला घातलं नाही. घरात माणसं आली, रडली, गेली. मी दारामागे ऐकत होतो. मला कुणी काही सांगितलं नाही, पण कळलं.

त्यानंतर घर फार शांत झालं. यजमान दार उघडत आणि अर्धवट उघडूनच थांबत. संध्याकाळच्या अंधुक उजेडात मी पाठमोऱ्या बाईंसारखा दिसत असेन. एकदा ते चटकन बोलून गेले, "झालं का तुझं?" मग त्यांनी दार लावून घेतलं. पुढे त्यांनी ते उघडायचंच सोडलं. बंद खोलीत ओल चढू लागली. माझ्या कॉलरपाशी काहीतरी बारीक हलतंय असं वाटे. मी कसरीला भीत होतो, आणि माझा माणूस मला भीत होता.

एका सकाळी त्यांच्या मोठ्या बहिणीने येऊन ते दार ढकललं.

"अरे, गेलेल्या माणसाचा कोट असा डोळ्यांसमोर टांगून ठेवतात का?"

"असू दे, ताई."

"असू दे काय? चहा बाहेर, जेवण बाहेर. स्वतःच्या घरात पाहुणा झालास तू."

यजमान उंबऱ्यावरच उभे होते. म्हणाले, "मला आत यायला भीती वाटते. ती उभी आहे असं वाटतं."

"मग काढ हा."

"काढला तर ती नाही असं वाटेल."

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," ताई म्हणाल्या. त्यांनी बाईंचे बाकीचे कपडे फरशी पुसायला फाडून घेतले. शेजारच्या खोलीतून तो टर्र आवाज येई आणि मी खिळ्यावर अंग चोरून राही. यजमानांनी फक्त मला वाचवलं. पण कशासाठी वाचवलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी एक चित्रकार बाई आली. ती आपल्या कोऱ्या वह्या आमच्या बाईंकडून बांधून घ्यायची. तिने यजमानांना आपलं नवं काम सांगितलं. ती एक फार मोठं कापड तयार करत होती, भिंतीएवढं, गेलेल्या माणसांच्या कपड्यांचे तुकडे जोडून.

"काका, पूर्वी भिक्खू टाकलेल्या चिंध्या गोळा करायचे. स्मशानातल्यासुद्धा. त्या धुऊन, रंगवून, शिवून अंगावर घ्यायचं चीवर करायचे. शेताला बांध असतात ना, तसे जोड दिसतात त्यात. आणि नवं कोरं कापड मिळालं तरी आधी ते कापायचे."

"चांगलं कापड कापायचं कशाला?"

"कापलं की त्याला किंमत राहत नाही. चोर नेत नाही. आणि आपलाही जीव त्यात अडकत नाही."

"नाही अडकत?"

"असं म्हणतात," ती म्हणाली. "माझा अजून अडकतो. मी आईची ओढणी कापली तेव्हा आठवडाभर जेवण गेलं नाही."

तिची एकच अट होती. ज्याचं माणूस गेलं, त्यानेच कापायचं. यजमान बघू म्हणाले. मला वाटलं, बघू म्हणजे नाही. पण त्या रात्री ते उपाशी झोपले आणि सकाळी त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं.

पिशवीत भरायला त्यांचं मन झालं नसावं. त्यांनी मला चक्क अंगात घातलं आणि वरून स्वतःचं जाकीट चढवलं. मी त्यांना काखेत घट्ट होत होतो. इतक्या महिन्यांनी कुणाच्या तरी अंगाची ऊब मिळाली होती, आणि ती मला कात्रीकडे घेऊन चालली होती.

चित्रकार बाईची जागा म्हणजे एक जुनी गाड्यांची शेड होती. लांबलचक टेबल, भोवती माणसं, आणि कात्र्यांचा करकर आवाज. एक बेकरीवाला वडिलांचा सदरा कापत होता आणि मध्येच नाक पुसत होता. शेजारी एक कंडक्टर बाई भावाचा शर्ट घेऊन बसली होती. तो शर्ट कापला गेला तेव्हा मी कान देऊन ऐकलं. कात्री वाजली, पण शर्टाचा स्वतःचा काहीच आवाज आला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"काका, तुमचा कपडा?" चित्रकार बाईने विचारलं.

"अंगात आहे."

"दादा, काढा तो," कंडक्टर बाई म्हणाली. "अंगावर कात्री चालवायला आम्ही काय न्हावी आहोत?"

माणसं हसली. यजमानही थोडे हसले. मग त्यांनी मला काढून टेबलावर पसरलं, कात्री उचलली आणि तसेच उभे राहिले. शेवटी म्हणाले, "उसवलं तर चालेल का? ही कधी कापत नसे. उसवायची."

चित्रकार बाई म्हणाली, "उसवलेलं परत शिवता येतं, काका."

"म्हणूनच विचारतोय."

"म्हणूनच मी नाही म्हणतेय." मग तिलाच वाईट वाटलं असावं. "बरं, उसवा आधी. पण शेवटी कापावं लागेल."

त्यांनी सुई घेतली. मित्रांनो, त्या दुपारी मला जे भय वाटलं ते कसरीचंही नव्हतं आणि ओलीचंही. डावी बाही सुटली. मी स्वतःला विचारलं, मी गेलो का? नव्हतो गेलो. म्हणजे मी बाहीत नव्हतो. उजवी सुटली, तरी होतो. कॉलर निघाली, खिसे निघाले. दर टाक्याला वाटे, आता जो भाग निघेल त्यातच मी असेन आणि सगळं विझेल. बाह्या एकीकडे, खिसे दुसरीकडे. टेबलावर कोट कुठेच नव्हता, आणि तरी भिणारा मी होतोच. नेमका कुठे होतो, ते मला सापडेना.

शेवटी समोर पाठ उरली. सगळ्यांत मोठा तुकडा. दाराआड यजमानांना दिसायची ती हीच पाठ. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "येतो गं." आणि कात्री चालवली.

ती वाकडी गेली.

"वाकडं झालं," ते म्हणाले.

"राहू दे तसंच," चित्रकार बाई म्हणाली. कंडक्टर बाईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

पुढे आम्हा सगळ्या तुकड्यांना एकाच मातकट रंगात उकळवलं. माझा हिरवा रंग गेला. कुणाच्या कपड्याशेजारी मला शिवलं ते मला ठाऊक नाही. ते कापड शेडमध्ये टांगलं आणि लोक बघायला येऊ लागले. हात लावायला परवानगी होती.

यजमानही आले. कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधत गेले, परत आले. कंडक्टर बाई तिथेच होती.

"सापडला का, दादा?"

"नाही. तुमच्या भावाचा शर्ट?"

"नाही हो. सगळे सारखेच दिसतात मेले."

मग यजमान म्हणाले, "काल घरी चहा केला. दूध उतू गेलं."

"म्हणजे स्वयंपाकघरात होतात."

"होतो. त्या खिळ्याकडे मात्र बघवत नाही अजून."

त्यांनी समोरच्या एका तुकड्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. तो तुकडा मी नव्हतो, मित्रांनो. तो कुणाच्या तरी कुणाचा होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण कपड्याला ओरडता येत नाही. त्याच वेळी पलीकडच्या टोकाला एक मुलगी माझ्यावर गाल टेकून उभी होती. तिला मी तिची आजी वाटत होतो. मी अगदी स्थिर राहिलो.

माझी भीती अजून गेलेली नाही. खिडकीतून ऊन येतं, रंग उडतो, एक दिवस धागेही विरतील. म्हणून एवढीच विनंती करतो. तुम्ही कधी असं कापड बघायला आलात, तर जरूर हात लावा, पण जपून लावा. हा कुणाचा तुकडा, असं विचारत बसू नका. तुमच्या हाताखाली जो येईल, त्यालाच आपलं म्हणा. त्यालाही भीती वाटत असते.