मोठ्या सेटची तारीख

"चार भोकं, तिसऱ्या दिवशी घरी, आठवडाभरात कामावर." हे वाक्य मी इतक्या पेशंटना ऐकवलंय की झोपेतून उठवलं तरी न अडखळता म्हणेन. धाकट्या जावेला तर दोन वर्षं ऐकवत होते. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. महिन्या-दोन महिन्यांनी कळ यायची, बया घामाघूम होऊन भिंतीला टेकून बसायची, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की लगेच म्हणायची, "गेली, गेली कळ." पार्सलच्या गोदामात खोकी उचलायचं तिचं काम. पोट फाडलं तर तीन महिने वजन उचलायचं नाही, आणि तोवर तिची जागा कोण राखून ठेवणार? तिचं काही चूक नव्हतं.

शेवटी मीच एकदा तिला समोर बसवलं. "अगं, हे दुर्बिणीचं ऑपरेशन, कॅमेरा बेंबीतून आत जातो. पोटात हवा भरून जागा करतात. पडद्यावर सगळं कितीतरी मोठं दिसतं. पूर्वी वीतभर चिरून, हात घालून जे चाचपडायचे, ते आता आमचे सर्जन सर डोळ्यांनी बघतात. डास चावल्यासारख्या चार खुणा राहतील, बस्स."

तिने जरा वेळ नखं कुरतडली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही आत असणार ना? मग करते."

"मी नाही तर कोण असणार? तेवीस वर्षं तेच तर करतेय."

तेवीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर. त्यातली पहिली दहा सगळी चिरफाडीचीच. तेव्हा पित्ताशयाचा पेशंट दहा दिवस वॉर्डात कण्हत पडायचा. मग दुर्बीण आली, सर वयाच्या पंचेचाळिशीत पुन्हा विद्यार्थी झाले, आणि बघता बघता असे तयार झाले की दीड वर्षात एकाही पेशंटचं पोट उघडावं लागलं नव्हतं. सर ते बोलून दाखवायचे नाहीत, पण दुसरं कुणी बोललं की कान टवकारायचे. आम्हालाही त्याचा माज चढला होता. मला जरा जास्तच.

त्या दिवशी जावेचं ऑपरेशन तिसरं होतं. बरोबरची सिस्टर पंधरा दिवसांच्या रजेवर आणि तिच्या जागी कुणी नाही, म्हणजे तिचंही काम माझ्याच गळ्यात. सकाळपासून पाय भरून आले होते. थिएटरच्या भिंतीवर एक यादी असते. दर ऑपरेशनआधी ती बघायची आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायची. हवेचा सिलिंडर भरलेला, कॅमेरा चालू, क्लिपा मोजलेल्या, अशा चौदा ओळी. नववी ओळ, 'ओपन सेट तयार'.

हा ओपन सेट म्हणजे आमच्या भाषेत मोठा सेट. दुर्बिणीने निभत नाही असं झालं तर पोट उघडायला लागणारी सगळी हत्यारं दुहेरी कापडात बांधून कपाटात ठेवलेली असतात. वाफेच्या मशीनमधून काढला की पंधरा दिवस निर्जंतुक धरतात. मग वापरला असो-नसो, पुन्हा वाफेत घालायचा आणि वर नवी तारीख टाकायची. आता जी वस्तू दीड वर्षात लागली नाही तिची बडदास्त कोण ठेवणार? तरी मी ठेवायचे. दर सोमवारी तारीख बघायचे. पण रजेच्या त्या पंधरवड्यात सोमवार कुठला आणि गुरुवार कुठला, माझं मलाच कळत नव्हतं. मी यादीपुढे उभी राहिले आणि हाताला वळण असतं तशा चौदाच्या चौदा खुणा ओढून टाकल्या. कपाट उघडून बघितलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी कीव करायला नको.

पहिली वीस मिनिटं सगळं सुरळीत. पडद्यावर माझ्या जावेचं पित्ताशय दिसलं आणि सर नुसतं "अरेरे" म्हणाले. दोन वर्षांच्या कळांनी ते सुजून, घट्ट होऊन आजूबाजूला चिकटलेलं होतं. मी मनात म्हटलं, भिंतीला टेकून बसत होतीस ना, बघ आता. सर एकेक पापुद्रा सोडवत होते. आणि अचानक पडद्यावर रक्त उडालं. कॅमेऱ्याची काच माखली. बाहेर काढून पुसली, आत घातली, पुन्हा माखली.

"गॉज," सर म्हणाले. मी जाळीच्या कापडाचा तो तुकडा दिला. त्यांनी तो चिमट्याने आत नेऊन रक्ताच्या जागेवर दाबून धरला. रक्त थांबल्यासारखं झालं. दाब जरा सैल केला की पुन्हा झरायला लागायचं.

दोनदा बघितलं त्यांनी. मग शांतपणे म्हणाले, "उघडू या. मोठा सेट द्या."

मला वाटलं, या माणसाचे पाय धरावेत. बाकीचे सर्जन दुर्बिणीच्या हट्टाने अर्धा तास घालवतात. मावशींनी कपाट उघडलं. मावशी म्हणजे आमच्या थिएटरच्या आया, अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी सेट काढला, ट्रॉलीजवळ आणला आणि तारीख वाचायला चष्मा सारखा केला. पण मोठ्याने वाचली नाही. माझ्याकडे बघितलं.

चिकटपट्टीवरची तारीख संपून नऊ दिवस झाले होते.

मी म्हटलं, "सर, सेटची तारीख गेलीय."

"दुसरा?"

"एकच आहे."

सर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "वाफेला किती वेळ?"

"घाईने घातला तरी पंचवीस मिनिटं."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची बाटली लावायला घेतली होती. त्या म्हणाल्या, "तेवढा वेळ मी देऊ शकत नाही."

तेवढ्यात मला सुचलं. बाळंतपणाच्या विभागात सिझेरियनचा सेट रोज लागतो, त्यामुळे रोज ताजा असतो. तो दोन मजले खाली. मी म्हटलं, "मावशी, सिझरचा सेट. पळा." आणि त्या बाईला मी पळा म्हणाले, जिला जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागतं.

मावशी गेल्या. मी थांबले. मी निर्जंतुक हातमोजे घातलेले, दोन्ही हात छातीशी धरलेले. कशालाही हात लावायचा नाही, हा आमचा नियम. खाली पळता येत नाही, घाम पुसता येत नाही, जावेच्या कपाळावर हात ठेवता येत नाही. नुसतं उभं राहायचं. सर तो गॉज दाबून धरून होते. मग त्यांनी दुसरा हातही चिमट्यावर आणला. रक्तदाबाचा आकडा नव्वदवर होता, मग ब्याऐंशी, मग चौऱ्याहत्तर. मी तो आकडा बघत होते आणि डोक्यात एकच चालू होतं, हिच्या पोरीला मी सांगून आलेय, आई परवा घरी येईल.

मावशींना अकरा मिनिटं लागली. लिफ्ट अडकली होती, त्या जिन्यानेच उतरल्या आणि जिन्यानेच चढल्या. दारात आल्या तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण घाम लागू न देता गठ्ठा पोटाशी कोरडा धरलेला होता. पुढचं मी यंत्रासारखं केलं. सरांनी उजव्या बरगडीखाली वीतभर चिरलं, हात आत घातला, बोटांत ती फुटलेली रक्तवाहिनी पकडली. लांब चिमटे सिझरच्या सेटमध्ये नसतात. आखूड चिमट्यांनीच निभावलं. आकडा वर चढायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाई पहिल्यांदा स्टुलावर बसल्या.

बाहेर आल्यावर सरांनी भिंतीवरची यादी बघितली. "ही खूण तुमची?"

"माझी."

त्यांनी टोपी काढली. फार म्हातारे दिसले. "मीही दीड वर्षात एकदा विचारलं नाही," म्हणाले. "मेट्रनना लिहून द्या. घरच्यांना मी सांगतो, आत फार चिकटलेलं होतं म्हणून. खोटं नाही ते."

खोटं नव्हतंच. पण ते अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं. मेट्रनला, म्हणजे आमच्या मुख्य सिस्टरला, लिहून दिलं, तिने वाचून उसासा टाकला, पुढच्या महिन्यात चौकशी होईल म्हणाली. तरी जावेला सांगायचं राहिलंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात गेले तर दीर पलंगाशी बसलेले. मला बघून उठलेच. "वहिनी, तुम्ही नसता तर आज काय झालं असतं!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना चहाला पिटाळलं. जाऊ निपचित पडली होती, चेहरा कागदासारखा, पण डोळे हसले.

"ताई, घरी सगळ्यांना सांगितलं मी. तुम्ही होतात म्हणून वाचले."

"तसं नाही गं," मी म्हटलं. आणि सगळं सांगून टाकलं. यादी, खुणा, तारीख, मावशींचा जिना. एक अक्षर गाळलं नाही.

ती छताकडे बघत राहिली. मग विचारलं, "अकरा मिनिटं?"

"हो."

"आणि सेट तयार असता तर?"

"तर दोन. पोट तरीही उघडावंच लागलं असतं. पण दोन."

मग म्हणाली, "मला कशाला सांगितलंत?"

"तुझ्यापासून लपवणं मला सहन होत नव्हतं."

"तुम्हाला सहन होत नव्हतं." तिचा आवाज बारीक होता, हसलं किंवा ओरडलं तर टाके ओढतात म्हणून. "म्हणून तुम्ही हलक्या झालात. आता रात्रभर ती अकरा मिनिटं मी मोजू? मला निदान कालपर्यंत एक माणूस होतं डोळे मिटून विसंबायला."

माफ कर म्हटलं. तिने मान वळवली.

त्या दिवशी तिला पहिल्यांदा उठवायचं होतं. तिलाही संडासला जायची घाई लागली होती. "दुसऱ्या सिस्टरना बोलवा," ती म्हणाली. मी बघितलं. दुसरी सिस्टर पलीकडच्या म्हातारीला सलाइन लावत होती, शीर सापडत नव्हती. जावेने दोन मिनिटं वाट बघितली. मग डोळे मिटून म्हणाली, "या इकडे."

मी तिला कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, हात माझ्या गळ्यात घेतला. सगळं वजन माझ्यावर आलं. खोकी उचलणारी ती बाई, एका रात्रीत केवढीशी झाली होती. दुसऱ्या हाताने तिने सलाइनचा स्टँड धरला होता, माझ्यापेक्षा तोच घट्ट. बारा पावलं चालायला आम्हाला पाच मिनिटं लागली. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

तिला आत बसवून मी दार लोटलं आणि बाहेर उभी राहिले. आणि मग मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. तिला ऐकू जाऊ नये म्हणून बाहेरच्या बेसिनचा नळ सोडला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"ताई," आतून आवाज आला.

मी नाक पुसलं. "काय गं?"

"नळ बंद करा आणि आत या. मला एकटीला उठता येत नाहीये."