बाबांनी परत फिरवलेलं ताट

माझं तोंड फटकळ आहे, हे मला कोणी सांगायला नको. बाबांना जाऊन दोन महिने झाले, आणि त्या तोंडाने त्यांना जे सुनावलं ते अजून घशाखाली उतरत नाही.

बाबा चष्मे करायचे आणि प्रेसबिटेरियन मंडळीचे एल्डर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक होते. दोन्ही कामांत त्यांना खोटं बोलणं जमलं नाही. आरशात बघत कोणी विचारलं, "फ्रेम शोभते ना मला?" की म्हणायचे, "शोभत नाही, पण दिसेल चांगलं." गिऱ्हाईक फणकाऱ्याने निघून जायचं आणि आई कपाळाला हात लावायची.

रविवारी दुकान बंद म्हणजे बंद, चाळीस वर्षं. किल्ल्या माझ्याकडे आल्या आणि पहिल्याच महिन्यात मी रविवारी शटर वर केलं. बाबा कोट घालून मुकाट्याने चर्चला गेले. चिडले असते तर मी भांडले तरी असते.

आमच्यात प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर खाऊन पेला घेण्याचा विधी, वर्षातून चार वेळा. आदल्या आठवड्यात एल्डर आपल्या वाट्याच्या घरी जातो, विचारपूस करतो आणि ज्याच्या-त्याच्या नावाचं भोजनाला यायचं कार्ड देतो. कोणी कार्ड नाकारलं तर एल्डरने तसं एल्डरांच्या सभेत सांगायचं. मग त्या माणसाचं नाव मंडळीच्या यादीतून जातं. आणि कबूल न केलेलं पाप पोटात ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे बाबांनी मला लहानपणीच पढवलं होतं.

आमचा रस्ता बाबांच्याच वाट्याला. म्हणजे वरच्या खोलीत राहणारा हा माणूस काळा कोट चढवून जिना उतरायचा, वळसा घालून दुकानाच्या दारात यायचा आणि पोटच्या पोरीला विचारायचा, "आत येऊ का?" मी कार्ड घेऊन खणात टाकायचे. जायचे मात्र कधीच नाही.

मागच्या खेपेला दुकानात चार गिऱ्हाइकं होती, एका बाईची काच फ्रेममध्ये बसता बसेना, आणि हे दारात उभे.

"मनात काही अडसर आहे का, बाळ?"

"तुम्हीच आहात अडसर," मी म्हटलं. "नको मला ते कार्ड. सभेत सांगा, हिचं नाव खोडा."

सगळ्यांसमोर म्हटलं. बाबांनी कार्ड खिशात ठेवलं, कोटाचं बटण लावलं, "बरं" म्हणाले आणि गेले. संध्याकाळी माझा चहा त्यांनीच केला. माफी मागायची होती, पण रोज म्हटलं उद्या मागू. तीन आठवड्यांनी ते झोपेतच गेले.

काल त्यांच्या जागचे नवे एल्डर आले, शाळेतले मास्तर. माझ्या नावाचं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"माझं नाव खोडलं नाही?"

"का खोडू?" मास्तरांनी एल्डरांची भेटींची वही उघडून दाखवली. अक्षर बाबांचं होतं. 'भेट दिली. कार्ड घेतलं. तब्येतीमुळे येणं कठीण.'

"आता कशी आहे तब्येत?" मास्तरांनी काळजीने विचारलं.

माझी तब्येत! मला वर्षानुवर्षं साधी सर्दी होत नाही.

"प्रभुभोजनाच्या त्या रविवारी तुमच्या बाबांनाही बरं नसावं," मास्तर सांगू लागले. "भाकरीचं ताट त्यांनी सगळ्या बाकांवर फिरवलं. शेवटी चर्चच्या पाळकांनी ते त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी मान हलवून परत फिरवलं. पेलाही घेतला नाही. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं."

मी स्टुलावर बसले. वहीतलं खोटं कबूल केलं असतं तर माझं नाव गेलं असतं. म्हणून त्यांनी ते पोटातच ठेवलं, आणि भाकरीला हात लावला नाही. त्यांचं ते शेवटचं प्रभुभोजन होतं. मी इथे खाली एका पोराला गॉगल विकत होते.

मास्तरांनी पेनचं टोपण काढलं. "काय लिहू?"

"कार्ड घेतलं, असं लिहा." ते मी खणात टाकलं नाही, हातातच धरलं. "येईन मी. रविवारी दुकान बंद ठेवते. पण ताट माझ्यापुढे आलं तर मी पुढे सरकवीन. गैरसमज नको."

"का हो?"

ज्याची माफी मागायची तोच माणूस उरला नाही, हे मास्तरांना कुठल्या तोंडाने सांगू?

"तब्येत," मी म्हटलं.

मास्तरांनी मान डोलावली आणि बाबांच्या ओळीखाली तेच लिहिलं.