कोऱ्या ढालीचं घराणं

खोटं रंगवून मी कधी पकडलो गेलो नाही. खरं रंगवलं आणि तोंडघशी पडलो.

मी लाम्बर्ट, ढालींचा रंगारी. आमच्या वेस्टफालियात उमरावांच्या मुलींचा एक मठ आहे. तिथं जागा हवी तर मुलीचे सोळाच्या सोळा खापरपणजोबा-खापरपणज्या उमराव घराण्यातले लागतात. त्यांच्या सोळा ढाली, म्हणजे घराण्यांची निशाणं, एका कागदावर रंगवायच्या आणि तो सहा आठवडे मठाच्या दालनात टांगायचा. कुणी हरकत घेतली नाही, की दोन उमराव बायबलवर हात ठेवून शपथ घेतात. मग मुलीला स्वतःची खोली मिळते, दोन वेळचं जेवण मिळतं आणि कुणाची ताबेदारी राहत नाही.

वाल्बुर्गा एका कफल्लक उमरावाची लेक; तिला ती खोली हवीच होती. पोरीला हुंडा नव्हता. शेजारच्या गढीतला साठीचा विधुर तेवढा बिनहुंड्याची करून घ्यायला तयार होता. त्यानं तीन बायका पुरल्या होत्या.

"मला चौथी व्हायचं नाही, लाम्बर्ट," ती म्हणाली. "काय वाट्टेल ते करा."

केलं. सोळांतली एक खापरपणजी निघाली पाणचक्कीवाल्याची लेक. तिला मी गरुडाच्या तोंडाचा सिंह दिला, दोन मुकुट दिले, मोरपिसांचं शिरस्त्राण दिलं, आणि राजाला पाठुंगळी घेऊन पूर ओलांडणारा मूळपुरुषही दिला. पाणी तेवढं खरं होतं, म्हणजे मी अगदीच बेइमान नाही. पोरीच्या आईकडचं रोडेनकाम्प घराणं मात्र अस्सल, सगळ्यांत जुनं. त्यांची ढाल नुसती लाल, वर काहीही नाही. त्या घराण्यातला शेवटचा पुरुष म्हणजे वाल्बुर्गाचे मामाआजोबा, एबरविन सरकार. रोज जवाची पेज खायचे, पण ताठा असा की विचारू नका.

"आम्ही कोण, हे चित्र काढून सांगायची वेळ आमच्यावर कधी आली नाही," असं म्हणायचे.

चौथ्या आठवड्यात मठाच्या थोरल्या बाईंचं बोलावणं आलं. म्हटलं, भरला आपला घडा. पण बाई मोरपिसांकडे बघून खूश. "याला म्हणतात घराणं!" मग लाल ढालीवर बोट ठेवलं. "हे कोण उपटसुंभ? इथं तर काहीच नाही."

"बाईसाहेब, तेच सगळ्यांत जुनं."

"मग कागद आणा. नाहीतर मुलीला जागा नाही."

कागद कुठले आणू? रोडेनकाम्पांचे कागद स्वीडिश फौजेनं गढीसकट जाळले. खोट्या घराण्याचे कागद मात्र जळत नाहीत. चक्कीवालीचे मी स्वतः केले होते, चांगले नऊ.

सरकारांकडे गेलो. वाल्बुर्गा तिथंच पेज ढवळत होती. म्हटलं, "लाल ढालीवर एक सिंह काढू द्या. बाईंना सांगतो, रंगवायचा राहिला होता."

"माझ्या वाडवडलांच्या छातीवर मांजर बसवतोस? चालता हो."

"राहू द्या, मामाआजोबा," वाल्बुर्गा म्हणाली. "त्या विधुराच्या घरी निदान चूल तरी रोज पेटते. जाईन मी."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला.

"उभा काढ," शेवटी ते म्हणाले. "शेपूट घातलेला नको."

शपथ घेणाऱ्या दोन उमरावांत एक सरकारच होते. त्या दिवशी सोळा नावं वाचली गेली. चक्कीवालीच्या नावावर सरकार बेधडक शपथ घेऊन मोकळे झाले. रोडेनकाम्प नाव आलं आणि थबकले. थोरल्या बाईंनी मान वर केली. वाल्बुर्गाचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते म्हणाले, "हा सिंह आमचाच. शपथ घेतो." पोरीला खोली मिळाली.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी बोटातली शिक्क्याची अंगठी ओढायला घेतली. ती निघेना. थुंकी लावून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. वरचा भाग अगदी कोरा होता.

"यावर सिंह कोर."

"आता कशाला, सरकार? झालं की काम."

"उद्या मी मेलो की ही कुणाच्या तरी हाती लागेल. कागदावर सिंह आणि अंगठी कोरी, म्हणजे पोरीला बाहेर काढतील."

मी अंगठी उजेडात धरली. धंद्याची सवय, दुसरं काय? विचारलं, "किती जुना दिसायला हवा?"

"चारशे वर्षांचा," ते म्हणाले, आणि तिथंच पायरीवर बसून रडले.