पोकुआचे दोन हात

पंजा लढवायच्या तालमीला आठ महिने झाले, तरी पोकुआला एक गोष्ट कळत नव्हती. ताकद जाते कुठे?

कुमासी शहराच्या बसअड्ड्यामागे तिच्या आजीची, दुफीबाईंची, खाणावळ होती आणि तिथे पोकुआ सात वर्षं रोज फुफू कुटत होती. उखळात उकडलेला कसाव्याचा कंद नि कच्ची केळी, पोकुआच्या दोन्ही हातांत डोक्याहून उंच मुसळ, आणि बुटक्या स्टुलावर आजी. दोन घावांच्या मध्ये हात घालून ती गोळा उलटवायची. सात वर्षांत आजीच्या बोटाला एकदाही मुसळ लागलं नव्हतं. अशा पोरीची मनगटं लोखंडाची असणार, असं कोणालाही वाटावं. शाळेत कवायत शिकवणारे ओबिरी मास्तर रोज तिथेच जेवायचे. त्यांना तसं वाटलं आणि त्यांनी पोकुआला तालमीला घेतलं.

मग सुरू झाला छळ. आंब्याच्या फांदीला टॉवेल बांधून एका हातानं लोंबकळायचं. ओल्या वाळूच्या बादलीत बोटं रुतवून मुठी आवळायच्या. काठीला दोरी, दोरीला सिमेंटची वीट, आणि ती मनगट फिरवत वर गुंडाळायची. सगळं उजव्या हातानं. डाव्याचं नावही कोणी काढलं नाही. डावा हात काय, धुवायचा आणि लपवायचा. उजवा असा फुगला की झग्याची बाही शिवण सोडू लागली. तरीही पहिल्या स्पर्धेत ती हरली. दुसऱ्या स्पर्धेत तर वाऱ्यानं उडून जाईल अशा एका कॉलेजच्या पोरीनं तिचा हात असा आडवा केला की प्रेक्षकांना टाळ्या वाजवायलाही सवड मिळाली नाही.

"काय गं, फुफू फक्त आमच्यासाठीच कुटतेस वाटतं?" रोजच्या गिऱ्हाइकांतला क्वाबेना ड्रायव्हर म्हणाला. "तिथे नाही कुटता येत?"

आजीनं वेगळंच सुनावलं. "उखळात डोकं घातलंस तर घाव सोस, मी आड येत नाही. पण तिसऱ्यांदा हरलीस की हे थेर बंद. मला धड कुटणारी दुसरी मिळत नाही, आणि या मेल्यांची भूक काही थांबत नाही."

तिसरी स्पर्धा जिंकणारी अशांती प्रांताच्या संघातून राजधानी अक्राला राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. पोकुआला ते हवं होतं, अगदी जीव तुटेल इतकं. बावीस वर्षांत तिला कोणी नावानं हाक मारली ती "पोकुआ, आणखी एक गोळा" एवढ्यासाठीच.

स्पर्धेला तीन आठवडे उरले तेव्हा मास्तरांनी तिला पाण्याचे दोन पिवळे डबे घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीला तिनं उजव्या हातातला डबा खाली ठेवला, बोटं झटकली, पुन्हा उचलला. सहाव्या फेरीला पुन्हा ठेवला. डाव्या हातातला मात्र तसाच लटकत होता आणि ते तिच्या गावीही नव्हतं.

मास्तर बघतच राहिले. "पोरी, तू लहानपणी डावखुरी होतीस का?"

तिनं चोरी पकडल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. "होते म्हणे. आजीनं मोडलं. डाव्या हाताला मिरची चोळायची आणि घास उचलला की पळी मारायची. खाणावळवालीच्या पोरीनं डाव्या हातानं वाढलं तर गिऱ्हाईक थुंकून जाईल, म्हणायची. खोटं होतं का ते?"

"खोटं नव्हतं," मास्तर म्हणाले आणि कपाळावर हात मारला. "पण आठ महिने मी पालथ्या घड्यावर पाणी ओततोय ते! स्पर्धेत डाव्या हाताचाही गट असतो, वेडे. मला विचारायचं सुचलंच नाही."

"मास्तर, चारचौघांत डावा हात पुढे करायचा?"

"करायचा."

घरी तिनं ब्र काढला नाही. त्या तीन आठवड्यांत तिचं डोकं पार चक्रावलं. डावा हात टॉवेलला लोंबकळताना मजेत असायचा आणि तिला लाज वाटायची. उजवा हात आठ महिने राबला म्हणून त्याची दया यायची. आपला खरा हात कोणता, आणि दुसरा मग कोणाचा?

शनिवारी दुपारी ती अंतिम फेरीला पोचली. समोर तिवा मावशी उभी राहिली, कुमासीच्या बाजारात याम कंदांची पोती उचलणारी, पोकुआच्या आईच्या वयाची. तिच्यासमोर डावा हात धरताना पोकुआचं तोंड आपोआप उघडलं.

"माफ करा हं मावशी, डावा आहे."

तेवढ्यात पंचानं इशारा केला होता. माफी संपायच्या आत तिचा पंजा टेबलाला टेकला. तीनपैकी एक डाव गेला.

दुसऱ्या डावाला ती पुन्हा पुटपुटणार, तोच तिवा मावशी फिस्कारली. "ए बये, मी तुझ्या हातून जेवायला नाही बसले! माझाही डावाच आहे ना? मी मागतेय का माफी? लढायचं तर लढ, नाहीतर घरी जाऊन भांडी घास!"

पोकुआला राग आला, आणि राग आल्यावर माफी सुचेना. तिनं मनगट आत वळवलं, खांदा हातामागे आणला आणि हात तसाच खाली नेला, ओला कपडा पिळावा तसा. दुसरा डाव तिचा. तिसऱ्याला मावशीनं पूर्ण जोर लावला. दोघींचे हात मधोमध अडून राहिले, मावशीच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि मग तिची बोटं एकेक करून सैल होत गेली.

"अक्राला गेल्यावर माफी मागत बसू नकोस," मावशी हात चोळत म्हणाली. "तिथल्या पोरी तेवढं थांबणार नाहीत."

संध्याकाळी पोकुआ पदक मुठीत धरून खाणावळीत शिरली तेव्हा सगळी बाकं भरलेली होती. बातमी तिच्या आधीच पोचली होती. लोक ओरडले, क्वाबेनानं वाडगा वाजवला. आजी उखळापाशी हात धूत होती.

"कुठल्या हातानं जिंकलीस?" तिनं विचारलं.

पोकुआला खोटं बोलता आलं असतं. जीभ तयारही होती.

"डाव्या," ती म्हणाली.

क्वाबेना हातातल्या घासाकडे संशयानं बघू लागला. "म्हणजे दुफीबाई, इतकी वर्षं आम्ही डाव्या हातानं कुटलेलं खातोय की काय?"

"सात वर्षं खातोयस," आजी कडाडली. "मेलास का? उलट पोट सुटलंय तुझं! जोर तिचा डाव्यातच आहे, पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. त्या मुसळाखाली हात माझा असतो, तुझा नाही!"

म्हणजे आजीला माहीत होतं. ज्या हाताला तिनं मिरची चोळली त्याच हाताखाली ती रोज आपली बोटं ठेवत होती, आणि कधी एका शब्दानं बोलली नाही. रागवावं की तिच्या गळ्यात पडावं, काही समजेना. पोकुआनं पदक असलेली डावी मूठ तशीच पुढे केली.

आजीनं हात पुढे केला नाही.

"जिंकायचं त्या हातानं जिंक," ती हळू आवाजात म्हणाली. "मला देताना उजव्यानं दे."

पोकुआनं पदक उजव्या हातात घेतलं आणि आजीला दिलं. ती रडत होती, आणि कशासाठी ते तिला अजून कळलेलं नव्हतं.