दोन वीत, चार बोटं

“गोटीमामा, पंधरा नंबरचा ट्रे,” तृप्ती मॅडम म्हणाल्या आणि त्याच वेळी माझ्या खिशातला फोन थरथरला. तास चालू असताना फोन घ्यायचा नाही, ही पाटी मीच दारावर चिकटवलीय. म्हणून ट्रे टेबलावर ठेवला आणि चोरासारखा दारामागे गेलो.

नाशिकच्या या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं दगड पुसतोय. फर्स्ट इयरच्या पोरांना जुलैत नैसर्गिक आपत्तीचं प्रकरण असतं. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की मॅडम खोकल्या तर पुढचं वाक्य मी सांगेन. उतारावर भेगा पडतात, झाडं कलतात, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं. पोरं ते लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. मीही कधी विचार केला नव्हता, उगाच कशाला मोठेपणा घेऊ?

फोन देवरामदादाचा होता. माझा थोरला भाऊ. हरसूलपलीकडं डोंगराच्या कुशीत आमचा अकरा घरांचा पाडा आहे, तिथं तो आणि कुसावहिनी राहतात.

“भाताची आवणी चालू हाय,” तो म्हणाला. “यंदा रोप झ्याक हाय. फक्त पान्याचं वंगाळ झालंय. झऱ्याला आठ दिस गढूळच येतंय. आन् वरल्या माळावर एक भेग पडलीय, बैलाचा पाय अडकल एवढी.”

आत मॅडम नेमकं तेच वाचत होत्या.

तास संपल्यावर मॅडमना सांगितलं. शिपायाचं बोलणं म्हणून त्यांनी उडवून लावलं नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी सरकारी कचेरीत फोन केला, अर्ज धाडला. यादीत नाव घेतलंय, पथक येईल, असं उत्तर आलं. कधी येईल, ते सांगायला तिथं कुणी नव्हतं.

“तोवर भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका,” मॅडम म्हणाल्या. “मधलं अंतर रोज मोजायचं. वाढलं की सगळ्यांनी घरं सोडायची. लगेच.”

रविवारी मी बसनं हरसूलला गेलो, तिथून पुढं पायी. दादा खाचरात वाकून आवणी करत होता. ओळी अशा सरळ की दोरी धरून लावल्यात म्हणावं. त्याचं सगळंच तसं. त्याच्या कुंपणात एक खुंट वाकडा दिसायचा नाही. लहानपणी माझी पाटी भिंतीला तिरकी टेकलेली दिसली तरी तो उठून सरळ करायचा.

“दादा, आजच खाली शाळेत चला,” मी म्हणालो.

“आन् आवणी कोन करंल, तुझ्या मॅडम?” तो हसला. “रोप उपटून ठेवलंय. दोन दिसांत सुकंल. जनावरं शाळेत बांधू का फळ्याला?”

वाद घालून उपयोग नव्हता. वर जाऊन आम्ही दोन खुंट्या ठोकल्या. मधलं अंतर दोन वीत, चार बोटं भरलं.

“रोज सकाळी मोज आणि मला फोन कर. बोटभर वाढलं तरी सांग.”

“सांगतो की. मला काय मोजता येत न्हाई?”

दुसऱ्या दिवसापासून साडेसातला फोन यायला लागला. “दोन वीत, चार बोटं.” मंगळवारी तेच, बुधवारी तेच. पाऊस थांबत नव्हता, मला झोप लागत नव्हती, पण सकाळी आकडा ऐकला की चहा गोड लागायचा. मॅडमही विचारायच्या आणि मी छाती फुगवून सांगायचो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एखादं माप माझं स्वतःचं होतं. नऊ दिवस असे गेले.

दहाव्या दिवशी फोन दहाला आला.

“आज उशीर का?” मी विचारलं.

“तुझ्या खुंट्यांनी वैताग आनलाय गोट्या. रोज कलतात. आज तर पार आडव्याच. नीट करता करता वेळ गेला.”

“नीट करता म्हणजे?”

“म्हंजी सरळ करतो. वाकड्या खुंटीचं माप खरं कसं धरायचं? सरकलेली आसली तर जागेवर आनून ठोकतो, मंग मोजतो. दोन वीत, चार बोटं. रोज बराबर भरतं.”

मोजायला शिकवलं होतं, फोन करायला शिकवलं होतं. खुंटीला हात लावू नको, एवढं मात्र मी सांगितलं नव्हतं. आमच्या पोरांना प्रत्येक ट्रेपाशी ओरडून सांगतो, हात लावू नका. सख्ख्या भावाला सांगायचं राहिलं.

“दादा, ती कललेलीच बघायची होती. डोंगर सरकतोय. हातातलं टाक आणि सगळ्यांना घेऊन निघ. आत्ता.”

तो म्हणाला, “मंग माझंच चुकलं की रं.”

“चुकलं माझं. तू निघ.”

“निघतो.”

त्यानंतर फोन लागला नाही. मी मिळेल त्या गाडीनं निघालो. हरसूलच्या अलीकडं रस्त्यावर पाणी, दोन्हीकडं गाड्यांची रांग. पुलाच्या तोंडाशी तीन तास उभा होतो. सव्वीस वर्षं ऐकलेलं सगळं प्रकरण तोंडपाठ होतं आणि तिथं त्याचा कवडीचा उपयोग नव्हता.

शाळेत पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. दहा घरांची माणसं व्हरांड्यात बसली होती, तान्ह्या पोरांसकट. कुसावहिनी खांबाला टेकून होती.

“ह्ये दारोदार जाऊन आरडले,” ती म्हणाली. “म्हनले, गोट्याचा फोन आलाय, आता थांबायचं न्हाई. म्हाताऱ्या दत्तूला पाठीवर घिऊन आनलं. मंग बैल सोडून येतो म्हनले.” तिनं वर बोट दाखवलं. “बैल आले.”

वर पाडा नव्हताच. लाल माती होती.

यंदा जुलैत तेच प्रकरण आलं. “मामा, या वर्षी प्रात्यक्षिक नको करायला,” मॅडम हळूच म्हणाल्या. मी म्हणालो, करू. ट्रेमध्ये ओली माती दाबून उतार केला, वर दोन काड्या रोवल्या आणि हळूहळू पाणी सोडलं. पोरं भोवती जमली. काडी कलायला लागली तेवढ्यात रिदा नावाच्या मुलीनं हात घातला आणि ती सरळ केली.

“पडत होती मामा,” ती म्हणाली.

मी रागावलो नाही. “होती तशी ठेव, बाळा,” म्हणालो.

तिनं काडी पुन्हा वाकवून पाहिली, थोडी कमी, थोडी जास्त. मग माझ्याकडं बघून विचारलं, “किती कलली होती, मामा?”

ते कुणीच मोजलं नव्हतं.