यंत्रांना रोजा नसतो

जातमिको हात जरा जास्तच वेळ धरतो, हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं होतं.

आमच्या सोलोत, इंडोनेशियातल्या या जावा बेटावर, लहान माणूस मोठ्याला भेटला की वाकतो, मोठ्याचा उजवा हात कपाळाला लावतो आणि सोडतो. तेवढ्यात होतं ते. हा मात्र हात कपाळाला लावायचा आणि तसाच धरून ठेवायचा. काही मोजत असल्यासारखा. माझ्या त्या हातात नवऱ्याने दिलेली अंगठी आहे. तो गेल्यापासून घरात सोनं म्हणावं असं तेवढंच उरलंय. तेव्हा हा काय मोजत असेल ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि अशा माणसाला माझी लारास हवी होती. रमजान लागायच्या आधी तो काकांना घेऊन रीतसर मागणी घालून गेला. मी म्हटलं, ईदेला उत्तर देते. लारासचं तोंड एवढंसं झालं, पण ती माझीच मुलगी, तिला ठाऊक होतं की मी दुधातही माशी शोधते. एकदा मी हो म्हटलं की शब्द फिरवता येत नाही, आणि नाही म्हटलं तर पोरगी जन्मभर माझ्याकडे बघणार नाही. म्हणजे महिनाभरात मला त्या माणसाचा छडा लावायचा होता.

त्याचं दुकान आमच्याच गल्लीत. आत प्लेस्टेशनची यंत्रं आणि टीव्ही ओळीने मांडलेले, पोरं तासाच्या हिशेबाने खेळायला येतात. रमजानात गल्लीप्रमुख पाक सुगेंग यांची सक्त ताकीद असते, की असली दुकानं दिवसा बंद. पोरं खेळात रोजा विसरतात, आत बसून चोरून खातात, अशी तक्रार दरवर्षी येते. जातमिकोने पहिल्याच दिवशी शटर ओढलं. मला ते बरं वाटलं. पण ते एकाच दिवसापुरतं.

दुकानासमोर बु एंदांग, म्हणजे एंदांगबाई, कोलाक विकायला बसते. केळी, रताळी, नारळाचं दूध, गूळ, सगळं रोजा सोडायच्या वेळेसाठी. मी तिच्याकडे केळीची पानं द्यायला गेले, तर ती हळूच म्हणाली, "जरा शटरजवळ जा की. काही ऐकू येतंय का बघ."

मी गेले. आतून घोंघों आवाज येत होता, सगळे पंखे एकदम लावल्यासारखा. शटरला हात लावला तर पत्रा गरम. खालच्या फटीतून निळा उजेड.

"आत पोरं बसवलीत त्याने," एंदांग म्हणाली. "पैसे घेतो आणि जेवायलाही घालत असणार. मी पाक सुगेंगना सांगणारच होते, पण म्हटलं तुमचा होणारा जावई."

"अजून झालेला नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय मी. झाल्यावर मग बोलायची सोय नाही."

एंदांगच्या पोटात माझ्याविषयी माया नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तिची भाची लग्नाची आहे आणि जातमिकोचं दुकान चालतं. पण म्हणून आवाज खोटा ठरत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि मला वाटत होतं की आत पोरं नाहीतच. पोरं असती तर खिदळली असती. आत जे काही होतं ते माणसांशिवाय चाललेलं होतं, आणि ते मला जास्त वाईट वाटलं.

घरी आले तर लारास माझं बाटिकचं कापड उजेडात धरून बघत होती. मी बाटिक करते. चांतिंग म्हणजे तांब्याची छोटी चोचवाली वाटी असते, तिच्यातून गरम मेणाची रेघ कापडावर सोडायची. मोठ्या नक्षीच्या पोटात बारीक ठिपके भरायचे काम माझं. तीस वर्षं तेच केलं. पूर्ण झालेलं कापड कोण नेसतं, कुठे जातं, मी कधी पाहिलेलं नाही.

"इबू, इथे मेण सांडलंय," ती म्हणाली.

"मेण जास्त तापलं होतं."

"मागच्या कापडावर पण जास्त तापलं होतं?"

"तू मेणाचं बघू नकोस. तुझा तो भरदुपारी शटर लावून काय करतो ते सांग."

लारास गप्प झाली. माहीत असून गप्प राहणारं माणूस मला लगेच कळतं. "त्यालाच विचार," ती म्हणाली. "मी सांगितलं तर तू म्हणशील की त्याने मला पढवलंय."

हे मात्र खरं होतं. मी तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या मागच्या बाजूने, विहिरीजवळच्या दाराने आत शिरले. दाराला कडीच नव्हती. चोराने आपल्या घराला कडी लावायची नाही, ही त्याची हुशारी, असं मला वाटलं. आत भट्टीसारखी धग होती. एकही पोर नव्हतं. एक दाणा सांडलेला नव्हता. जातमिको जमिनीवर चटईवर पडला होता, घामाने भिजलेला, ओठ सुकलेले. रोजा ठेवलेल्या माणसाचेच ते ओठ, तेवढं मला कळतं.

भिंतीलगत सगळी यंत्रं चालू. प्रत्येक टीव्हीवर पृथ्वीचा गोळा फिरत होता आणि त्याच्यावर ठिकठिकाणी बारीक दिवे चमकत होते. एका पडद्यावर रंगीत मण्यांची वेडीवाकडी माळ स्वतःभोवती वळत होती. कुणी खेळत नव्हतं. आपलं आपणच चाललं होतं.

"हा कसला जुगार?" मी म्हटलं.

तो धडपडून उठला, सदरा अंगात घातला आणि हात घ्यायला वाकला. मी हात ओढणीखाली लपवला.

"जुगार नाही, बु मुर्तिनी. यंत्रं गणितं करताहेत."

"कुणाची?"

"अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची. आपल्या अंगात प्रथिनांचे धागे असतात. तयार झाले की ते स्वतःची घडी घालतात. एखाद्याची घडी चुकली की आजार होतो. घडी कशी पडते, कुठे चुकते, ते त्यांना शोधायचंय. पण गणित इतकं मोठं आहे की एका यंत्राला झेपत नाही. म्हणून ते तुकडे करून जगभर वाटतात. ज्याचं यंत्र रिकामं असेल तो एक तुकडा घेतो. हे दिवे बघा, प्रत्येक दिवा म्हणजे कुठलंतरी असं यंत्र."

"मजुरी काय देतात?"

"गुण देतात."

"गुणांचं काय येतं बाजारात?"

"काही नाही. नावापुढचा आकडा वाढतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. फुकट काम करतो म्हणणारा माणूस मला कधीच पटत नाही. त्याचा हिशेब दुसरीकडे कुठेतरी चुकता होत असतो.

"आणि कुणी खोटंच उत्तर पाठवलं तर?"

त्याला हसू आलं. "तिथेही तुमच्यासारखी माणसं बसलीत, बु. कुणावर भरवसा ठेवत नाहीत. आलेलं उत्तर आधी तपासतात."

हे ऐकून मला त्या परक्या माणसांविषयी थोडं बरं वाटलं. पण ते मी तोंडावर दिसू दिलं नाही.

"मग चोरून कशाला? रमजानातच का?"

"बाकीचे अकरा महिने दिवसभर पोरं खेळतात, यंत्रं मोकळी कधी असतात? या महिन्यात दिवसभर रिकामी. यंत्रांना रोजा नसतो. आणि चोरून नाही करत, सांगत नाही एवढंच. सांगून कोण विश्वास ठेवणार? तुम्ही ठेवलात?"

"नाही."

"बघा मग."

शटरच्या पलीकडे एंदांगची चाहूल लागली. पत्र्याला कान लावून उभी असणार. मी आवाज खाली आणला. "तुला याचा एवढा पुळका का? खरं सांग."

तो चटई गुंडाळायला लागला. मग म्हणाला, "बाबा वायांगच्या खेळात ढोल वाजवायचे. बाहुल्यांचा खेळ रात्रभर चालायचा, पण त्यांचा ठेका चुकला नाही कधी. मग एक दिवस अंगठा हलायला लागला. तंबाखू मळल्यासारखा नुसता बोटावर फिरायचा. त्यांना वाटायचं कुणाला दिसत नाही. हात खिशात घालून बसायचे. लोक म्हणाले, दारू पितो. त्यांनी दारूला स्पर्शही केलेला नव्हता. पुढे ढोल गेला, मग चालणं गेलं. डॉक्टरकडे जायला शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. तो घडी चुकण्यातलाच आजार, हे मला नंतर वाचून कळलं."

मी खाली पाहिलं. ओढणीच्या आत माझा अंगठा फिरत होता. वर्षभर फिरत होता. मी मेणाला दोष दिला, डोळ्यांना दिला, चांतिंगला दिला. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायला लागले, आणि कुणी बघितलं की थंडी वाजते म्हणायचे. सोलोच्या उकाड्यात, थंडी.

मी अंगठा मुठीत दाबून धरला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यांदा तुमचा हात कपाळाला लावला तेव्हापासून. कपाळाला कळतं ते. प्रत्येक वेळी वाटायचं, आज कमी असेल. म्हणून जरा वेळ धरायचो." मग घाईने म्हणाला, "तेच असेल असं नाही. मी डॉक्टर नाही."

"लारासला सांगितलंस?"

"सांगावं लागलं नाही, तिलाही दिसत होतं. तिला भीती वाटते तुमच्याशी बोलायची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या गल्लीवर नजर ठेवणारी मी, आणि ही दोघं माझ्यावर नजर ठेवून बसली होती. "म्हणजे कीव येऊन लग्न करतोयस," मी म्हटलं. "आजारी सासूची सेवा करून पुण्य मिळवायचंय."

"लग्न मी लारासशी करतोय, बु. तुमच्या हाताशी नाही."

उत्तर आगाऊ होतं, पण सरळ होतं. तरीही एक गोष्ट उरली होती. मी त्याला शेवटचा फास टाकला. मुद्दाम गोड आवाजात विचारलं, "मग या तुझ्या यंत्रांतून माझं औषध निघेल, नाही का?"

तो हो म्हणाला असता तर मी तिथूनच उठून एंदांगच्या भाचीचं नाव सुचवून आले असते. फसवणारा माणूस आधी आशा दाखवतो. नवऱ्याच्या दुखण्यात मी असे वैद्य आणि मांत्रिक पोटभर पाहिलेत.

त्याने मान हलवली. "नाही. तुम्हाला याचा उपयोग व्हायचा नाही. बाबांना झाला नाही. झालाच तर कुणाच्यातरी नातवंडांना, कदाचित त्यांनाही नाही. आमच्या वाट्याला येतो तो एवढासा तुकडा, त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कळतही नाही. पण डॉक्टरकडे गोळ्या असतात, बु. त्या आज मिळतात. त्यासाठी मात्र चला."

मी पडद्याकडे बघत राहिले. ती मण्यांची माळ अजून वळत होती. एवढासा तुकडा, आणि पुढचं माहीत नाही. हे काम मला परकं नव्हतं.

मी पुढे गेले आणि शटर वर ओढलं. एंदांग जवळजवळ आत पडली. तिने वाकून टेबलांखाली, सगळीकडे बघितलं.

"पोरं कुठायत?" ती म्हणाली.

"नाहीत," मी म्हटलं. "जा, पाक सुगेंगना सांग, आत कुणी नाही."

ईदेच्या सकाळी नमाजानंतर घर माणसांनी भरलं. एंदांगही आली होती, ती माझं उत्तर ऐकायचं थोडंच चुकवणार. जातमिको काकांना घेऊन आला, गुडघ्यांवर माझ्यासमोर बसला आणि रीतीप्रमाणे वर्षभराच्या चुकांची माफी मागून हात घ्यायला थांबला. लारास माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी ओढणीखालून उजवा हात काढला. सगळ्यांसमोर तो थरथरत होता. त्याने तो कपाळाला लावला आणि नेहमीसारखा धरून ठेवला.

"अगं बाई, तुमचा हात बघा कसा हलतोय," एंदांग म्हणाली.

"आजार आहे," मी म्हटलं. "डॉक्टरकडे जाऊन आले. गोळ्या चालू आहेत. तुला अजून काही विचारायचंय?"

जातमिकोने हात सोडायला घेतला, तेव्हा मी म्हटलं, "थांब. ती अंगठी काढ. लाराससाठी आहे. माझ्या बोटांनी निघत नाही."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग लारासकडे. मागून लारासने माझा खांदा घट्ट धरला. तो हळूहळू, सांध्यावर अडकू न देता, अंगठी फिरवायला लागला. मी त्याच्या हातांकडे लक्ष ठेवलं नाही. दारातून बाहेर, गल्लीतल्या लोकांकडे बघत बसले.