उरलेले अठरा लिटर

आमच्या टाकीतले सहाच्या सहा मासे मेले. आता हे वाक्य विसरून जा, कारण असं काही घडलेलंच नाही, ही आमच्या घराची अधिकृत भूमिका आहे. मासे 'पुढे गेले' आहेत. पुढे म्हणजे कुठे, असं मी एकदा विचारलं, तर आत्या म्हणाली, "तुला प्रत्येक गोष्टीचा पत्ता लागतो का रे?"

तर मासे जिवंत आहेत असं धरून चालू.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या दाराबाहेर बुटांचे एकोणतीस जोड होते. रांग जिन्यावरून खाली गेली होती आणि प्रत्येकाच्या हातात निळी बाटली होती. आत बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची चार फुटी काचेची टाकी. टाकीशेजारी खुर्चीवर बाबा, हातात मापाचा जग. आणि टाकीसमोर पाय फाकवून, गळ्यात शिट्टी अडकवून उभा असलेला कोच.

कोच म्हणजे पोहायच्या तलावावरचा कोच. तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला आणि तेव्हापासून त्याची माणसं तरंगवायची हौस कोरडी पडली होती. आत्या गुडघ्यांसाठी त्याच्याकडे पाण्यातले व्यायाम करायची. तिनेच त्याला घरी आणला.

"खांदे सैल," कोच म्हणाला. "दीर्घ श्वास. समुद्राकडे मागायचं नाही. समुद्रावर फक्त पडायचं. मोजणारा बुडतो, मानणारा तरंगतो. नेक्स्ट."

शिट्टी वाजली. एक बाई पुढे आल्या. बाबांनी जग टाकीत बुडवून त्यांची बाटली भरली. मग दुसरी, तिसरी, दहावी. टाकीच्या काचेवर एक काळी रेघ मारलेली होती. पाणी रेघेच्या खाली गेलं, लोक श्वास रोखून बघत राहिले. टाकीच्या मागून 'टक्' असा बारीक आवाज आला आणि अर्ध्या तासात पाणी पुन्हा रेघेवर.

"ऐकलंत?" कोच कुजबुजला. "हो म्हणाला."

त्या संध्याकाळी टाकीतून वीस लिटर पाणी गेलं. टाकी होती तेवढीच भरलेली राहिली. एका गृहस्थांनी डोळे पुसले. ते दातांचे डॉक्टर होते, म्हणजे शिकलेले.

आता ही टाकी आमच्याकडे आली कशी ते सांगतो. बाबा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. एकतीस वर्षं ते लोकांच्या दारात टॉर्च आणि वही घेऊन उभे राहिले, आणि एकतीस वर्षं लोकांनी त्यांना एकच वाक्य ऐकवलं: मीटर बिघडलंय. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मीटरला खोटं बोलून काय मिळणार आहे, साहेब?" हे वाक्य मी बोलायला शिकण्याआधी शिकलो असेन.

निवृत्तीनंतर त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "रोज वीस मिनिटं शांत बसून काहीतरी बघत जा. टीव्ही सोडून." म्हणून टाकी आली. खाऱ्या पाण्याची टाकी ही शांत बसून बघायची गोष्ट नसते, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं. तिच्यातून रोज दोन लिटर पाणी हवेत उडून जातं. मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. म्हणून रोज दोन लिटर साधं पाणी घालावं लागतं, नाहीतर माशांचं लोणचं होतं. बाबा बादल्या उचलू लागले. डॉक्टरीणबाईंनी बादल्या बंद केल्या. मग मी कंट्रोलर घ्यायचं ठरवलं.

कंट्रोलर म्हणजे टाकी सांभाळणारा डबा. मी तीन आठवडे तुलना केली. एक होता तो लाटासुद्धा बनवायचा. एक होता तो चंद्राच्या कलेप्रमाणे दिवे मंद करायचा. तो मला जवळजवळ आवडला. शेवटी मधला घेतला. तो तापमान बघतो आणि पाण्याची पातळी बघतो. क्षार मोजणारी कांडी वेगळी घ्यावी लागते, असं दुकानदार म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "क्षार बाबा मोजतील. आयुष्यभर मोजलंय त्यांनी."

टाकीखालच्या कपाटात मी साध्या पाण्याचा दहा लिटरचा डबा ठेवला. पातळी खाली गेली की कंट्रोलर त्या डब्यातून पाणी ओढणार. "दिवसाला दोन लिटर," मी बाबांना समजावलं. बाबांनी वहीत लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात एक दिवस बाबांनी पाणी बदलायला टाकीतून बादलीभर पाणी काढलं. काढलं तितकंच मीठ कालवलेलं पाणी घालायचं असतं. ते कालवायला मोरीत गेले, तासाभराने परत आले, तर टाकी भरलेली. कपाट उघडलं. दहा लिटरचा डबा कोरडा ठणठणीत, त्यात एक झुरळ. आत्या तिथेच मटार सोलत होती. पुढचं, म्हणजे चार घरी सांगायचं, तिने बघितलं.

मी ऑफिसातून आलो तेव्हा बाबा वही घेऊन बसले होते.

"तू म्हणालास, हे यंत्र दिवसाला दोन लिटर घालतं."

"हो."

"मी वीस काढले. भरले वीस. दोन यंत्राचे. उरलेले अठरा कुठून आले?"

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ते अठरा कुठून आले हे मला त्या क्षणी माहीत होतं. दहा लिटरचा डबा दर पाच दिवसांनी भरावा लागतो, आणि तो मी स्वतःच्या हाताने भरेन असं बाबांना वचन दिलं होतं. मी ते वचन नऊ दिवस पाळलं. मग एका रविवारी, बाबा फिरायला गेलेले असताना, स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रापासून कपाटाच्या मागून एक पातळ नळी आणून सरळ टाकीला जोडली. असं कधीही करायचं नाही, हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं आहे. दहा मिनिटांहून जास्त वेळ पाणी वाहिलं तर ते आपोआप बंद व्हायची सोयही कंट्रोलरमध्ये होती. ती मी काढून टाकली, कारण तिच्यामुळे मीटिंगमध्ये माझा फोन वाजायचा.

हे सगळं मी त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण बाबा माझ्याकडे असे बघत होते, की आई गेल्यापासून त्यांनी कशाकडेच तसं बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "बघू." आणि जेवायला बसलो.

दोन आठवड्यांत कोच आला, निळ्या बाटल्या आल्या. (बाटली कोचकडचीच लागे. दुसऱ्या बाटलीत समुद्र गुदमरतो.) मंगळवार आणि शुक्रवार ठरले. एकतीस वर्षं ज्या माणसाला बघून लोक दार लावून घ्यायचे, त्याच्या दारात आता लोक बूट काढून उभे राहू लागले. बाबा रोज सकाळी टाकीतलं एक कपभर पाणी पिऊ लागले आणि त्यांनी गोळी बंद केली. पट्टीत अकरा गोळ्या उरल्या होत्या. पुढच्या आठवड्यात मोजल्या, अकरा. त्याच्या पुढच्या आठवड्यात, अकरा. आमच्या घरात खरोखर न संपणारी वस्तू तेवढी एकच होती, पण तिच्यासाठी कोणी रांग लावली नाही.

मी डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो.

"मिठाचं पाणी पितात?" त्यांनी विचारलं.

"रोज कपभर."

"ज्यात मासे..."

"त्याच्यातलंच."

त्यांनी चष्मा काढला. "आणि गोळी बंद. त्यांना उद्या इथे आणा."

"ते येणार नाहीत. ते बरे झालेत."

"मग एक दिवस कोसळतील," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही आणाल."

चौथ्या आठवड्यात दुसरा चमत्कार झाला. पाणी गोड लागू लागलं. खारं काढायचं आणि साधं भरायचं, असं आठ वेळा केल्यावर पाणी दुसरं काय लागणार? पण कोचने टाकीला हात टेकवला आणि म्हणाला, "मीठ म्हणजे दुःख. समुद्राने तुमचं दुःख सोडायला सुरुवात केली आहे." टाळ्या झाल्या. त्याच सुमाराला टाकीतल्या पोवळ्यांनी अंग चोरलं, मग कोळंबी दिसेनाशी झाली, मग सगळ्यात गुबगुबीत मासा, ज्याला आम्ही मॅनेजर म्हणायचो, तो आडवा पोहू लागला. गोड्या पाण्यात समुद्राचा मासा फुगतो आणि जातो. माझ्या फोनवर मात्र सगळं हिरवं होतं. तापमान उत्तम, पातळी उत्तम. क्षाराबद्दल कंट्रोलरचं काही म्हणणं नव्हतं. ती कांडी मी घेतलीच नव्हती.

"मॅनेजरने माझं प्रेशर स्वतःवर घेतलं," बाबा म्हणाले. हे त्यांना कोचने सांगितलं होतं. बोलताना त्यांचा चेहरा लाल होता आणि दाराची कडी लावताना त्यांनी ती दोनदा चुकवली.

त्या शुक्रवारी मी सुट्टी घेतली. सहाला शिट्टी वाजली. मी स्वयंपाकघरात गेलो, नळीचा कॉक बंद केला आणि बाहेर येऊन उभा राहिलो. पहिली बाटली, पाचवी, बारावी. 'टक्' झालं, पण पाणी आलं नाही. रेघ पाण्यावर चार बोटं उघडी पडली.

मग मी कपाट सरकवलं, नळी ओढून सगळ्यांना दाखवली. "हा तुमचा समुद्र. ओट्यावरून येतो. टाकीत हा डोळा बसवलाय. पाणी खाली गेलं की तो झडप उघडतो, टक् म्हणून. त्याला लिटर कळत नाहीत, त्याला फक्त रेघ कळते. दोन काढा, दोन भरेल. दोनशे काढा, दोनशे भरेल. नळी मी जोडली. मी खोटं बोललो, माझं चुकलं. पाणी गोड झालंय ते त्यात मीठ उरलं नाही म्हणून. मासेही त्यानेच मेले."

मला वाटलं, झालं. कोचने नळी हातात घेतली, प्रेमाने कुरवाळली.

"बघितलंत?" तो शांतपणे म्हणाला. "याने शंका घेतली. पाणी थांबलं."

एकोणतीस माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारख्या मुलांमुळेच." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण कळलं. आत्याने स्वयंपाकघरात जाऊन कॉक चालू केला. टक्. पाणी रेघेवर आलं, टाळ्या झाल्या, आणि माझा पुरावा कोचचा पुरावा झाला.

एक उपाय उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना जिन्याखालच्या खोक्यापाशी नेलं. तिथे आमचं मीटर आहे.

"घरातले सगळे नळ बंद आहेत," मी म्हणालो. "आकडा वाचा."

बाबांनी टॉर्च मारला. किती तरी दिवसांनी त्यांचा हात स्थिर होता. त्यांनी आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली. आम्ही वर जाऊन टाकीतून वीस लिटर मोजून काढले. टक् झालं. पाणी पूर्ण भरेपर्यंत थांबलो. खाली आलो.

"वाचा."

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि वाचलं.

त्यातून वहीतला आकडा वजा केला. "अठ्ठावन्न लिटर," ते म्हणाले.

"म्हणजे पाणी नळाचंच आहे ना, बाबा?"

"आपण वीस काढले. हे अठ्ठावन्न दाखवतंय."

"शुद्ध करणारं यंत्र वीस देतं आणि बाकीचं गटारात सोडतं. सिंकखाली दुसरी नळी आहे, चला, दाखवतो."

ते आले नाहीत. बराच वेळ टॉर्च चालू होता, मीटरवरचं लाल चाक थांबलेलं दिसत होतं. एकतीस वर्षांत त्यांनी किती चेहऱ्यांवर तो भाव बघितला असेल, मला माहीत नाही. मी तो पहिल्यांदा बघितला. त्यांनी टॉर्च विझवला आणि वही मिटली.

"मीटर बिघडलंय," बाबा म्हणाले.

आणि जिना चढून गेले, मधल्या पायरीवर कठडा धरून जरा थांबले, पुन्हा चढले. मंगळवारी माणसं चाळीस होती.

तुमच्या घरात काही न संपणारं असेल, तर हात जोडायच्या आधी कपाट सरकवून मागे बघा. पाणी कुठून तरी येतं. ते कुठून येतं हे विचारल्याने थांबत नसतं. थांबलं, तर कॉक कोणाच्या हातात आहे ते बघा. टाकी घेतलीत तर क्षाराची कांडी घ्या आणि डबा स्वतः भरा. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि हे सगळं पहिल्या संध्याकाळी सांगा. पुढे ते खरं राहतं, पण कोणालाच नको असतं.

मी एका कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहितो, त्यामुळे कोणत्या अर्जाचं काय होतं ते मला माहीत आहे. तरीही सोमवारी एक पाठवला.

प्रति,
मीटर विभाग, पाणीपुरवठा खाते.

विषय: सेवानिवृत्त मीटर वाचकास एक सकाळ परत पाठवण्याबाबत.

महोदय,
वरील पत्त्यावरील ग्राहक, वय त्रेसष्ट, आपले मीटर बिघडल्याचे सांगत आहेत. मीटर सुस्थितीत आहे. ग्राहकास हे पटवून देऊ शकेल असा एकच कर्मचारी आपल्या खात्यात होता. तरी सदर कर्मचाऱ्यास, तो चाळीस वर्षांचा असताना जसा होता तशाच स्थितीत, टॉर्च व वहीसह, सोयीच्या कोणत्याही सकाळी आमच्याकडे पाठवावे. दार उघडेपर्यंत त्याने बेल वाजवावी. त्याला सवय आहे. ग्राहक वाद घालतील. त्यांना तो नेहमीचे उत्तर देईलच, त्यानंतर सोबत जोडलेली वस्तू पाण्याबरोबर द्यावी. पाणी नळाचे चालेल.

कळावे.

सोबत: गोळ्यांची पट्टी, एक. शिल्लक गोळ्या अकरा.